बॅटरीवरची खुर्ची

वाटूरच्या एका गृहस्थांचं मला पत्र आलं. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलेलं असताना ती तापाने पडली आणि ताप उतरला तो कमरेखालची ताकद घेऊनच. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "बाई, तुम्ही ह्यातून कशा निघाल्या तेवढं कळवा. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहती."

मी कार्ड घेऊन उत्तर लिहायला बसले, तर कार्ड भरलं आणि माझी हकीकत अजून दवाखान्यातच होती. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधीच सांगून टाकते. मी यातून निघालेले नाही. माझे दोन्ही पाय आणि डावा हात आजही तसेच आहेत. उजवा हात खांद्यातून उचलत नाही, पण मनगट आणि बोटं चालतात. कोपर कुठेतरी टेकवायला मिळालं की मी लिहू शकते, पाटीवर गणितं मांडू शकते, आणि रोज सकाळी घरून शाळेत एकटी जाऊ शकते. हे शेवटचं कसं जमलं, तेच मुख्यतः सांगायचं आहे.

पाय उचलेना

मी जालन्याच्या एका मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. तेव्हा आमचा भाग अजून हैदराबाद राज्यातच होता. माझे यजमान दत्तात्रय कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण सगळीकडे 'हे' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून नाव लिहिते. त्यांना विचारलं आहे. आमची सुधा तेव्हा अडीच वर्षांची होती.

पंचमीला मी तिला घेऊन माहेरी टेंभुर्णीला गेले होते. झोका खेळले, पुरणाची दिंडं खाल्ली. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि पाठ अशी दुखायला लागली, की कुशीवर वळवेना. आई म्हणाली, "झोक्यावर वारा लागला. काढा देती, उद्याला उतरंन."

उद्याला ताप थोडा उतरला. सकाळी सुधा रडली म्हणून मी उठायला गेले आणि उजवा पाय उचललाच गेला नाही. मुंग्या आल्या असतील म्हणून हाताने उचलून खाली ठेवला, उभी राहिले आणि तिथेच कोसळले. दुपारपर्यंत डावा पाय गेला. भावाने बैलगाडीत गादी टाकून मला सडकेपर्यंत आणलं, तिथून मोटारीने जालन्याला. वाटेत मी डाव्या हाताने मोटारीचा गज धरला होता. जालना यायच्या आधी तो हात आपोआप सुटला. मी कुणाला काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे झालं नाही, असं मला त्या वेळी वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी दत्तात्रयांना खुणेने व्हरांड्यात बोलावलं. मला राग आला.

"डॉक्टर," मी ओरडले, "पाय माझे आहेत. मला सांगा."

त्या परत आल्या आणि माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. "पोलिओ आहे. लहान मुलांना जास्त होतो, पण मोठ्यांनाही होतो. किती ताकद परत येईल, ते आज मला सांगता येत नाही. उगीच खोटं सांगणार नाही."

"मग शाळेत कधी जाता येईल?"

"आत्ता तुमचा श्वास नीट चाललाय. आज आपण दोघींनी एवढंच बघायचं."

दत्तात्रय पायथ्याशी उभे होते. त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या. मोटारीतून उतरवताना कुणीतरी त्यांच्याकडे दिल्या असाव्यात. त्या कुठे ठेवाव्यात हे त्यांना समजत नव्हतं. खाटेखाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या, शेवटी पिशवीत घातल्या. मला रडू आलं ते तेव्हा, डॉक्टरांच्या बोलण्याने नव्हे.

गरम घोंगडी

दवाखान्यात मी साडेपाच महिने होते. पहिले काही आठवडे वेगळ्या खोलीत, कारण आजार लागेल ही भीती. सुधाला खिडकीपर्यंतच आणायचे. पहिल्यांदा ती 'आई, आई' करून गजाला झोंबली. पंधरा दिवसांनी आली तेव्हा तिने मला पाहिलं आणि माझ्या आईच्या खांद्यावर तोंड लपवलं. पायांपेक्षा हे जास्त लागलं.

दिवसातून चार वेळा घोंगडीचे तुकडे उकळत्या पाण्यात बुडवून, पिळून माझ्या पायांना, पाठीला गुंडाळायचे. ओल्या लोकरीचा वास आजही आला तर माझी पाठ आखडते. त्यानंतर डॉक्टरीणबाई एकेक सांधा हळूहळू हलवायच्या. दुखायचं, फार दुखायचं. मी चौथीच्या मुलींना सतराचा पाढा पाठ करायला लावायचे, तो आता मीच म्हणत पडायचे.

तिथे मरियमबाई नावाची आया होती. दवाखान्यात आल्यावर माझा उजवा हातही गेला होता. दोन्ही हात हलवता येत नव्हते, तेव्हा सगळ्यात मोठा छळ कसला असेल? नाकावर माशी बसण्याचा. कपाळाला खाज सुटण्याचा. हाक मारून कुणाला "माझं नाक खाजवा" म्हणायची शरम वाटायची. एक दिवस मरियमबाई बादली घेऊन जाता जाता थांबली आणि विचारलं, "बाई, कुठं खाजून राह्यलं का?"

मी म्हटलं, "डाव्या भुवईवर."

त्या दिवसापासून ती माझ्या खाटेजवळून कधीही गेली तरी आधी तेवढं विचारायची. कुणी आजाऱ्याची सेवा करत असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे. फळं आणू नका, हे विचारा.

चौथ्या महिन्यात उजव्या हाताची बोटं हलली. मग मनगट. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा जास्त आनंदल्या. मी विचारलं, "आणखी काय परत येईल?" त्या म्हणाल्या, "बहुतेक एवढंच. पण हे पक्कं आहे. हे वापरा."

घरी

लोकांना वाटतं, दवाखाना कठीण आणि घर सोपं. माझं उलट झालं.

जिनिंगच्या जवळ आमच्या दोन खोल्या होत्या. समोर सगळ्या भाडेकरूंचं एक अंगण, कडेला नळ. आई टेंभुर्णीहून येऊन राहिली. मला अंघोळ घालणं, केस विंचरणं तिच्याकडे, उचलणं दत्तात्रयांकडे. पहाटे ते मला उचलून मोरीकडे नेत, परत आणत, खुर्चीत बसवत, पाठीला उशी लावत. जिनिंगचा भोंगा झाला की धावत जात. दुपारच्या सुट्टीत पुन्हा येऊन हेच सगळं.

दोन वर्षं असं चाललं. एकदा भोंगा होऊन गेल्यावर मी त्यांना दारातून परत बोलावलं. खुर्चीत मी एका बाजूला घसरले होते. त्यांनी मला सरळ बसवलं. मी म्हटलं, "अजून जरा वर." त्यांनी वर घेतलं. मी म्हटलं, "उशी खाली गेली." तेव्हा ते म्हणाले, "मीबी माणूसच हाये ना, कुसुम."

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मी त्यांच्यावर रागावले नव्हते. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मला त्यावर करता येण्यासारखं काहीच नव्हतं, याचा तो राग होता.

हाताने पायडल फिरवायची तीनचाकी मिळते, असं कुणीतरी सुचवलं. पण ती फिरवायला दोन धड हात लागतात. माझ्याकडे एका हाताची बोटं आणि मनगट.

उस्मानभाई

उस्मानभाई जिनिंगचे मिस्त्री. साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे. एकदा दत्तात्रयांबरोबर घरी आले. मी कोपर टेबलाला टेकवून शेजारच्या मुलींना पाटीवर भागाकार घालून देत होते. उस्मानभाई चहा विसरून माझ्या बोटांकडे बघत राहिले.

"बाई, बोटं बराबर चालतात ना?"

"चालतात. पण त्यांच्यात जोर नाही."

"जोर कशाला पाहिजे? सबंध जिनिंग मी दोन बोटांनी बंद करतो. जोर मशीनचा. माणसानं फक्त सांगायचं."

हंगाम संपला, जिनिंग बंद झालं, आणि उन्हाळाभर उस्मानभाई शेडमध्ये खटपट करत बसले. मालकांनी भंगारातल्या वस्तू घ्यायची परवानगी दिली होती. मोडीत काढलेल्या ट्रकचा डायनॅमो काढून त्यांनी त्याला बॅटरी जोडली. असं केलं की तो वीज करण्याऐवजी मोटारीसारखा फिरतो, हे मला तेव्हा कळलं. मागे सायकलची दोन चाकं, पुढे एक लहान चाक, मध्ये वेताची हाताची खुर्ची, तिच्याखाली बॅटरी. आणि उजव्या हाताशी एक वीतभर लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला लाकडी गोळा. दांडा पुढे ढकलला की गाडी चालायची, मध्ये आणला की वीज तुटायची, मागे ओढला की ब्रेक. डावीकडे-उजवीकडे कलवला की पुढचं चाक वळायचं. सगळं त्या एका दांड्यात.

मी म्हटलं, "उस्मानभाई, हे तुम्ही कुठं पाहिलं?"

"कुठंच न्हाई," ते म्हणाले. "तुमचा हात पाह्यला."

आधी थांबायचं

जिनिंगच्या आवारात कापूस उतरवायची मोठी मोकळी जागा होती, चोपून सपाट केलेली. दत्तात्रयांनी मला तिथे आणून बसवलं. मला वाटलं, आज चालणार. उस्मानभाईंनी बॅटरीची तारच जोडली नाही. मागून स्वतः गाडी ढकलायला लागले आणि म्हणाले, "मी म्हटलं की ब्रेक ओढा."

तासभर तेवढंच. ढकल, थांब. ढकल, थांब.

"चालवायचं कधी?"

"आधी थांबवायचं शिका, बाई. चालायला तर ती उतावळीच हाये. जिनिंगमध्ये मी तीन माणसांचे हात जाताना पाह्यलेत. तिघांनाबी चालू करता येत होतं."

दुसऱ्या दिवशी तार जोडली. मी दांडा ढकलला आणि गाडीने असा हिसका दिला, की मान मागे आपटली. पण ती चालली! कुणी मागे नाही, कुणी धरलेलं नाही, आणि जमीन माझ्याखालून मागे जात होती. मी हसत होते की रडत होते, ते दत्तात्रयांना विचारा.

मग रोज धडे. उस्मानभाई चुन्याची रेघ मारत, रेघेच्या आत थांबायचं. विटा मांडत, त्यांच्यामधून वळायचं. चढ असेल तर नाकासमोर चढायचा, तिरपं गेलं की गाडी कलते. उतारावर दांडा मागे धरून हळूहळू. पदर आणि निऱ्या खोचून घ्यायच्या, साखळीला कापड लागता कामा नये. माणूस दिसला की आधी अंगठ्याजवळची घंटी, मग थांबायचं, त्याने वाट दिली की पुढे. तो बाजूला होईल असं धरून चालायचं नाही.

आठ दिवसांनी मी गाडी घरी आणली.

ती सकाळ

हे लिहायला जड जातं, पण वगळलं तर बाकीचं खोटं ठरेल.

रविवार होता. मी अंगणात चकरा मारत होते. सुधा नळाच्या कडेला चिंचोके मांडून खेळत होती. तिच्यापासून मी चांगली लांब होते. वळताना चाक एका खड्ड्यात गेलं, हिसका बसला आणि माझा हात दांड्यावरून निसटला. खांद्यात ताकद नाही, त्यामुळे तो मांडीवर पडला आणि मला परत उचलता येईना. दांडा मात्र पुढेच राहिला होता.

गाडी चालत राहिली. सरळ सुधाकडे.

मी ओरडले, "सुधा, ऊठ! सुधा!" तिने वर पाहिलं आणि हसली. तिला वाटलं, आई आपल्याशी खेळायला येते आहे.

दत्तात्रय ओट्यावर दाढी करत होते. ते कसे आले मला दिसलं नाही. त्यांनी बाजूने येऊन गाडीला खांद्याने धक्का दिला, गाडी कलंडली आणि मी तिच्यासकट दगडांवर पडले. माझं कपाळ फुटलं. गाडीखाली सापडून त्यांच्या पायाची दोन बोटं मोडली. सुधाला काहीही झालं नाही. तिचे चिंचोके तेवढे विखुरले.

संध्याकाळी पाय बांधून आल्यावर त्यांनी गाडीवर पोतं टाकलं आणि ती भिंतीशी लावली. "बस झालं," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांच्यापेक्षा मी जास्त घाबरले होते. डोळे मिटले की सुधाचं ते हसणं दिसायचं.

उस्मानभाई दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी गाडी पाहिली, दांडा पाहिला आणि खाली जमिनीवरच बसले.

"गलती माझी हाये, बाई. तुमची बिलकुल न्हाई. माणसाचा हात सुटतोच. मशीनला हे मालूम पाहिजे होतं."

ते दांड्याचा भाग खोलून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आणून बसवून गेले, पण आम्ही गाडीवर पुन्हा पोतं टाकलं.

न हलण्याचा धोका

दीड महिना गेला. आई सुगीसाठी टेंभुर्णीला गेली होती. दत्तात्रय कामावर. शेजारच्या जमनाकाकी, राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातल्या, मधूनमधून डोकावून जायच्या. मला त्यांचा मोठा आधार होता. पण त्या दुपारी त्या बाजारात गेल्या होत्या.

सुधा ओट्यावरून पडली. मला ते दिसलं नाही, धप्प आवाज आला आणि मग किंकाळी. मी आत खुर्चीत होते, दारापासून चार हातांवर. "सुधा, इकडं ये बाळा, माझ्याकडं ये," मी म्हणत राहिले. ती उठली नाही. नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग ते मंदावलं. ते मंदावलं तेव्हा मला जे झालं, ते मला लिहिता येणार नाही.

जमनाकाकी आल्या, तिला उचलून आत घेऊन आल्या. हनुवटी फुटली होती, जीभ चावली गेली होती. रडून रडून दमली होती, म्हणून गप्प झाली होती. त्याहून जास्त काही नव्हतं.

संध्याकाळी मी दत्तात्रयांना म्हटलं, "अहो, मला पुन्हा गाडी चालवायची आहे."

"सुधाला तवा काही झालं असतं तर?"

"मला भीती आहेच, आणि ती राहणार. पण गाडी पोत्याखाली ठेवली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असं आपल्याला वाटत होतं. आज मी चार हातांवर बसून होते. मी हलत नाही, यातही धोका आहे. तो फक्त दिसत नाही."

त्यांनी सुधाच्या हनुवटीवरची पट्टी नीट केली. मग म्हणाले, "उद्याला उस्मानभाईला बोलावतो. पण आधी मी बघीन."

माझ्याकडं ये

पुन्हा तेच आवार. उस्मानभाईंनी दांड्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी स्प्रिंग लावल्या होत्या. हात सुटला की दांडा आपोआप मध्ये येऊन वीज तुटायची, आणि त्याच वेळी ब्रेकही थोडा आवळला जायचा. दुसरं म्हणजे चालीचे दोन खटके केले होते. पहिल्या खटक्याला हळू, चालत्या माणसाएवढं. दुसऱ्याला जरा जोरात. सुरुवातीचा तो हिसका गेला होता. कोपर घसरू नये म्हणून खुर्चीच्या हातावर लाकडाची खोबणही केली होती.

आधी दत्तात्रय स्वतः बसले. गाडी चालू केली आणि हात डोक्यावर नेले. गाडी थांबली. पुन्हा केलं, उतारावर केलं, वळताना केलं. दहा वेळा तरी. मग उतरले आणि मला बसवलं.

मी दांडा धरला, पण ढकलवेना. बोटं चालत होती, मीच चालत नव्हते. "उस्मानभाई, आज राहू द्या," मी म्हटलं.

दत्तात्रय लंगडत लंगडत पुढे गेले. पंचवीस पावलांवर माझ्यासमोर तोंड करून उभे राहिले.

"ये माझ्याकडं," ते म्हणाले. "मी हलणार न्हाई."

उस्मानभाई ओरडले, "साब, येडे झाले काय? पायाची पट्टी अजून सुटली न्हाई!"

"तुमच्या मशीनवर भरोसा हाये ना तुमचा? मंग गप ऱ्हावा."

मी पहिल्या खटक्यावर दांडा लावला. गाडी निघाली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते हसत नव्हते, मला धीर देत नव्हते. काट्यावर वजन बघताना उभे राहतात तसे उभे होते. पंधरा पावलं राहिली, दहा राहिली, पाच राहिली. मी हात सोडला.

दांडा खटकन मध्ये आला. गाडी दोन हात पुढे सरकली आणि थांबली. त्यांच्या धोतराच्या निऱ्या आणि पुढचं चाक यांत वीतभर जागा होती.

"अजून एक डाव," ते म्हणाले.

आम्ही ते सहा वेळा केलं. सहाव्या खेपेला त्यांनी मागे वळून उस्मानभाईंना हाक मारली, माझ्याकडे पाठ करून. मी येत होते तेव्हा. तेव्हा मला समजलं, की आता त्यांना भीती राहिली नाही.

शाळा

शाळेच्या मोठ्या बाईंना मी अर्ज केला. त्या घरी आल्या, गाडी पाहिली, प्रामाणिकपणे म्हणाल्या, "कुसुमताई, मुली गणित सोडून गाडीच बघत बसतील."

"दोन दिवस बघतील," मी म्हटलं.

चार दिवस बघत होत्या. पाचव्या दिवशी कुणीतरी मागच्या बाकावर भांडलं आणि मी ओरडले, तेव्हापासून मी पुन्हा फक्त बाई झाले. वर्गाच्या पायरीला फळी लावून उतार केला आहे. फळ्यावर लिहायला एक मुलगी येते, मी तोंडाने सांगते. तिच्या चुका बाकीच्या मुली पकडतात, त्यामुळे वर्ग झोपत नाही.

सगळं छान झालं असं कुणी समजू नये. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की मी तिथेच, कुणी येईपर्यंत. बॅटरी दोनदा भर रस्त्यात उतरली. एकदा एक म्हैस वाट देईना आणि मी घंटी वाजवत पाव तास थांबून होते. घरातलं उचलणं-बसवणं दत्तात्रयांना अजूनही करावं लागतं, आणि आम्ही अजूनही भांडतो. पण आता भांडण झालं की मी बाहेर निघून जाऊ शकते. हे केवढं मोठं सुख आहे, ते चालणाऱ्यांना कळायचं नाही.

वाटूरच्या त्या गृहस्थांना मी लिहिलं आहे, की लेकीला एकदा जालन्याला घेऊन या. तिचे दोन्ही हात चांगले आहेत म्हणतात. तसं असेल तर तिला माझ्यासारखी गाडी लागणारच नाही, हाताने फिरवायची तीनचाकी पुरेल. उस्मानभाई तिचे हात बघणार आहेत.

यंदा सुधाला पहिलीत घातलं. माझ्याच शाळेत. पहिल्या दिवशी मी तिला घेऊन निघाले. माझा एकच हात, तो दांड्यावर, म्हणून तिने खुर्चीची कड धरली होती. चाकापासून हातभर लांब चालायचं, हे मी तिच्याकडून आधीच घोकून घेतलं होतं. वाटेत ती सारखी बोलत होती, शाळेत पाणी कुठं असतं, बाई मारतात का, तू मला मारशील का. मी पहिल्या खटक्यावर, तिच्या पावलांएवढी हळू चालले होते. आदल्या रात्री मी मनात ठरवून ठेवलं होतं, की फाटकाशी ती रडायला लागली तर काय बोलायचं.

फाटकाशी तिला दोन मुली दिसल्या. त्यातली एक दोरी घेऊन आली होती. सुधाने खुर्चीची कड सोडली.

"आई, तू जा आता," ती म्हणाली आणि पळाली.

मला वाटलं, वर्गाच्या दारातून तरी एकदा मागे वळून बघेल. मी थांबले. तिने बघितलं नाही. मला वाईट वाटलं, पहिल्या दिवशी कुठल्याही आईला वाटतं तेवढंच. त्याहून जास्त काहीच नाही. मग माझा तास सुरू व्हायची घंटा झाली आणि मी गाडी वळवली.